गाडीचा कान

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस देवबागच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर मावतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे आमचे साडू. समुद्र दर पावसाळ्यात थोडी वाळू खाऊन पुढे येतो, खाडी मनाला येईल तशी वळते; साडू मात्र तसूभर हलत नाहीत. एकदा 'नाय' म्हणाले की ब्रह्मदेवाचा बाप खाली उतरला तरी त्याचं 'व्हय' होत नाही. स्वतःच्या लग्नात फोटोवाला 'जरा हसा' म्हणाला, तेव्हा "कित्याक?" असं विचारून त्यांनी जो चेहरा केला, तो आजही त्यांच्या ओटीवर काचेआड लटकतो आहे. शेजारी आमची थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे बाय म्हणतो, ती बिचारी दोघांच्या वाटणीचं हसते आहे.

साडूंचा धंदा होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्याचा. पण दुरुस्त करणं हे आपलं म्हणायला. ते इंजिन ऐकायचे. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी निकाल द्यायचा. तो निकाल फिरवायची कोणाची टाप नव्हती. संध्याकाळी ओटीवर चहा घेत बसले की खाडीत शिरणारी प्रत्येक होडी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायची. शेजारणीला इथूनच ओरडून सांगायचे, "भात चढव गो, घोव येतासा तुजो!" आणि भाताला पहिला कढ येईपर्यंत तिचा नवरा खरंच दारात. वाडीतल्या बायका घड्याळ बघत नसत, साडूंना विचारत. मी कुडाळच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, पोरांचा आवाज ऐकून कोण बोललं ते मला अजून ओळखता येत नाही. त्यामुळे या विद्येबद्दल मला भारी हेवा वाटायचा.

या कानाचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे त्यांची गाडी. कोणे एके काळी पांढरी असलेली ती चौकोनी, चिमुकली गाडी. तिच्यात साडूंनी एका अपघातात चेपलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. रीतसर परवानगी काढून बसवलं, हे सांगायला ते कधी विसरत नाहीत. इंजिन आलं, पण त्याचा कॉम्प्युटर काही आला नाही. आजकालच्या इंजिनाला एक डबा लागतो म्हणे. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तो डबा ठरवतो. साडू म्हणाले, "डबो नको. मी आसंय मां!" आणि त्यांनी त्या नव्या इंजिनाला जुना कार्बोरेटर चढवून कानाने सूर लावला. ती गाडी अशी पळायची की तारकर्लीला आलेले मुंबईचे पर्यटक आपल्या महागड्या गाडीच्या काचा खाली करून बघायचे. दर आठवड्याला साडू एक स्क्रू केसभर फिरवायचे आणि कान देऊन म्हणायचे, "आता बरां गाता."

मग एका संध्याकाळी त्यांनी शेजारणीला भात चढवायला सांगितलं आणि खाडीतून आली ती डॉल्फिन दाखवणारी होडी. भात गार झाला. पुढच्या आठवड्यात गाडी चढावर काळा धूर ओकू लागली, आणि साडूंनी पेट्रोलवाल्याला शिव्या घातल्या. घरात बाय "अवो, आयकलात?" अशी हाक मारायची ती तीनदा, मग चारदा मारू लागली. बत्तीस वर्षांत तिने नवऱ्याला दुसरी हाक मारलेली नाही. तेच त्यांचं नाव म्हणा ना. शेवटी ती उलथन्याने तवा वाजवायला लागली. एकदा माझ्याजवळ म्हणाली, "हाक मारूक सोडलंय मी आता. तवो आयकाक येता तेंका, माजो आवाज येणा नाय." हे सांगताना ती हसत होती, पण मला काही ते हसू बघवलं नाही.

मी त्यांना ओढूनताणून कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, जन्मभर डिझेल इंजिनाशी कान लावून बसलात, आता यंत्र लावावं लागेल. साडू ताडकन उठले. "कानात मशीन घालूक मी काय म्हातारो झालंय?" दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी बराच वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. मला खरं तर त्यांची भीतीच वाटली. हा माणूस आयुष्यभर कानावर जगला. तोच कान गेला तर साडूंचं म्हणून काय उरतं? इतक्यात ते वळले आणि म्हणाले, "मास्तर, ठरलां. मशीन बसयतलंय." मी देवाचे आभार मानणार, तोच ते पुढे म्हणाले, "गाडयेक."

तिथून पुढचं सव्वा वर्ष माझ्या आयुष्यातून वजा करा. कारण डब्यांची सगळी माहिती इंग्रजीत, आणि इंग्रजी म्हणजे मी. दर रविवारी मी देवबागला जायचो, ओटीवर बसून मोबाईलवरची पानंच्या पानं वाचून मालवणीत सांगायचो, आणि तेही बेंबीच्या देठापासून ओरडून. साडू दर वाक्याला "काय?" म्हणायचे. परिणाम असा झाला की साडूंना कळायच्या आधी अख्ख्या वाडीला कळलं. मासे विकून परत येणारी बाई टोपली उतरवून म्हणायची, "मास्तरानू, तो कंपनीचो डबो घेव नका, तेका कुलूप आसता. आतलां कायच बदलूक गावणा नाय." आणि तिचं बरोबर होतं हो! एका गृहस्थांनी गाडीच्या मूळ कॉम्प्युटरच्या पाठीवर बसून काम करणारा छोटा डबा सुचवला, तर साडू कडाडले, "घोडोच नाय, आणि पाठीर कोणाक बसयतलंस?" राहिले दोनच मार्ग. एक, सुटे भाग आणून स्वतः डाग देत जोडायचा डबा. दुसरा, तयार, सगळा कारभार एकट्याने बघणारा डबा. पहिल्यावर साडूंचा जीव जडला होता, पण देवबागच्या खाऱ्या हवेत उघडी तार महिन्याभरात हिरवी पडते. म्हणून दुसरा. एका विक्रेत्याने फोनवर अभिमानाने सांगितलं, आमचा डबा वॉटरप्रूफ आहे. साडूंनी शांतपणे विचारलं, "खाऱ्या पाण्यात काय गोड्या?" विचारून सांगतो म्हणून त्या माणसाने फोन ठेवला.

पण साडूंची खरी अट वेगळीच होती. डब्याला जोडायची जे सेन्सर असतात, त्यांचं त्यांनी बारसं करून टाकलं होतं. धुराचा वास घेणारं ते नाक. पेडल किती दाबलं ते सांगणारा तो पाय. इंजिनाची फिरकी मोजणारी ती नाडी. आणि इंजिनात तांब्यात चणे हलवल्यासारखा खडखडाट सुरू झाला, म्हणजे इंजिन दुखावतंय, हे ओळखणारा जो सेन्सर, तो कान. ज्या डब्याला कान जोडायची सोय नसेल, त्याचं पान ते मला पुरतं वाचूच द्यायचे नाहीत. "जेका कान नाय, तां यंत्र माका नको!" असं त्यांनी एका रविवारी ठणकावून सांगितलं. बाय दारात उभी होती. ती म्हणाली, "गाडयेक कान होयो. आणि तुमच्या कानाचां काय?" साडू म्हणाले, "काय?" मी मान खाली घालून मोबाईल बघत बसलो.

अखेर कानवाला डबा आला. त्याला शिकवायला, म्हणजे या इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी ते त्यात भरायला, कोल्हापूरहून एक बाई आल्या, चाळिशीच्या, हातात लॅपटॉप, बोलणं मोजकं. साडूंना वाटलं होतं, कोणी मिशीवाला येईल. तरीही त्यांनी मान राखून खुर्ची पुढे केली. मात्र देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय गाडी चालू होणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. बॉनेटवर नारळ ठेवला, वाडी गोळा झाली, आणि साडूंनी स्वतःच सूर लावला, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान गाडयेक नवो मेंदू बसयल्यान आसा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तेच्या नाकाक सर्दी नको, पायाक लचक नको, नाडयेक खंड नको, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि तेचो कान, तो मात्र शाबूत ठेव, म्हाराजा!" या वेळी 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठ्याने बाय म्हणाली. कोल्हापूरच्या बाई लॅपटॉप काखेत धरून, हात जोडून उभ्या होत्या.

गाडी चालू झाली. आता तिला चढावर जोर लावून बघायचं होतं. बाई म्हणाल्या, "ठिणगी पाडायची वेळ हळूहळू अलीकडे आणायची, इंजिन जिथं दुखावतं तिथं थांबून थोडं मागं यायचं. त्यासाठी ऐकावं लागतं. काका, हे कानाला लावा." आणि त्यांनी इंजिनावरच्या त्या 'काना'ला वायरने जोडलेले, आवाज मोठा करणारे जाडजूड हेडफोन साडूंसमोर धरले. मशीन. कानाला. साडूंनी हेडफोन उलटेसुलटे करून बघितले, बायकडे बघितलं, आणि कामाची गोष्ट म्हणून चढवले. ऐकायचं म्हणून ते मागच्या सीटवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. तो दुसरा म्हणजे मी.

कुंभारमाठच्या चढावर मी पेडल दाबलं. बाई शेजारी बसून आकडे बदलत होत्या. मागून एकाएकी आरोळी आली, "थांबव! थांबव मेल्या! खडखडता! तिसऱ्या सिलिंडरात खडखडता!" बाईंनी स्क्रीनकडे बघितलं. लाल खूण तेव्हा कुठे उमटत होती, तिसऱ्याच सिलिंडरची. त्यांनी वळून मागे बघितलं आणि विचारलं, "काका, एवढं बारीक तुम्हाला ऐकू यायलंय?" आरशात मला दिसलं, साडूंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "मास्तर, कान गेलो नाय रे. नुसतो लांब गेललो."

गाडी उत्तम झाली. ती कशी पळते, याचं वर्णन मी करणार नाही. तारकर्लीच्या पर्यटकांना विचारा. पण पुढच्याच आठवड्यात साडू सकाळी सकाळी कुडाळला माझ्या दारात हजर. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानाच्या यंत्राला लॅपटॉप जोडला आणि साडूंचा चेहरा उजळला. "ह्येचोय सूर लॅपटॉपान लावतत?" मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे खाऱ्या वाऱ्यात टिकेल का; आणि टिकेल म्हटल्यावर घेऊन टाकलं. गाडीच्या कानाला सव्वा वर्ष, स्वतःच्या कानाला दहा मिनिटं!

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. साडू प्रत्येक आवाजाची तक्रार करत होते. माडाच्या झावळ्या इतक्या वाजतात कशाला, कावळा एवढा का ओरडतो, आपल्या चपला करकरतात हे आपल्याला कोणी सांगितलं का नाही. खाडीत एक होडी शिरली. त्यांनी मान तिरकी केली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, भात चढव. मग आत सगळं शांत झालं. तवा वाजला नाही. चुलीपाशी बसूनच, लग्नानंतरच्या नव्या नवलाईत मारत असेल तशा बारीक आवाजात, बाय म्हणाली, "अवो, आयकलात?"

साडू खाडीकडेच बघत होते. म्हणाले, "आयकलंय."

थोड्या वेळाने बाय रिकाम्या हातांनी दारात आली. "काय गो?" साडूंनी विचारलं. "काय नाय," असं म्हणून ती पदराने चेहरा पुसत आत गेली. पाच मिनिटांनी पुन्हा तोच बारीक आवाज आला, आणि तेच उत्तर गेलं. अंधार पडायच्या आत तिने त्यांना सहा-सात वेळा तरी हाक मारली असेल. काम एकाही वेळी नव्हतं.