पाचवा रकाना

“आता मी वाचतो. चुकलं असेल तिथं मला थांबवा.”

असं म्हणून आमचे अव्वल कारकून टाकाचं निब उजव्या कानामागच्या केसांना पुसायचे आणि समोरच्या माणसाने दिलेला जबाब त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायचे. वर्षानुवर्षं पुसून पुसून त्यांच्या पांढऱ्या केसांत तेवढ्या जागी निळा पट्टा पडला होता. कचेरीत नवा आलेला माणूस आधी तो पट्टा बघायचा आणि मग त्यांचं तोंड.

‘इथं अंगठा’ एवढंच बोलणारे कारकून तुम्हीही पाहिले असतील. हे त्यातले नव्हते. समोरचा माणूस कुठेतरी ‘नाही’ म्हणेपर्यंत यांचं समाधान व्हायचं नाही. आता सरकारी टेबलापुढे उभा राहिलेला आपला खेडूत ‘नाही’ कशाला म्हणतोय? तो ‘बराबर हाय, भाऊसाहेब’ घरूनच पाठ करून आलेला. एकदा एका म्हाताऱ्याच्या जबाबात यांनी मुद्दाम ‘वय वर्षे एकशे सत्तर’ असं वाचलं. म्हातारा म्हणाला, बराबर हाय. भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला, त्याला प्यायला पाणी द्यायला लावलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. रांग तेव्हा पार दाराबाहेर गेली होती आणि माझा जीव पाथर्डीच्या एसटीत अडकला होता.

मी त्या कचेरीतली टायपिस्ट. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या त्या तालुक्यात खुर्चीवर बसून काम करणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण निम्मे लोक काम नसताना खिडकीतून बघून जायचे. मला कामाचा उरक होता आणि त्याची घमेंडही होती. भाऊसाहेबांचा संथपणा मला अगदी सहन व्हायचा नाही. त्यांना तोंडावर मी काही बोलले नाही, पण टाइपरायटर जोरात बडवून राग काढायचे. ते मात्र मान वर करून म्हणायचे, “टायपिस्ट बाई, आज हात चांगला चाललाय.”

तो मोठ्या दुष्काळाचा काळ. विहिरींचे तळ दिसत होते, गावोगावी रस्त्याची नाही तर खडी फोडायची कामं निघाली होती आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळत होता. ज्यांना कामावर जाता येत नाही अशा अपंगांना सरकार धान्य देणार होतं. त्यासाठीच्या अर्जाच्या प्रती काढायची स्टेन्सिल मीच कापली होती. त्यात चार रकाने होते: आंधळा, पांगळा, मुका-बहिरा, वेडा. एकात खूण करायची, खाली जबाब लिहायचा, अंगठा घ्यायचा. माझ्या हिशेबाने एका माणसाला पाच मिनिटं पुरेशी होती.

अशात एके दिवशी कोंडाबाई आली. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिलेला. ही खडीवर जायची. बरोबर नऊ वर्षांची मुलगी, यमुना. मुलगी गोरीगोमटी, अंगाने धडधाकट. पण तिने कुणाकडे पाहिलं नाही. आल्या आल्या खाली बसून माझ्या टेबलाखाली पडलेल्या टाचण्या गोळा केल्या आणि फरशीच्या फटीवर एकीपुढे एक अशा लावत बसली. तिच्या उजव्या घोट्याभोवती काळा वळ होता. मी विचारलं, तेव्हा कोंडाबाईने खाली बघत सांगितलं की कामावर असताना तिला दोरीने बाभळीला बांधावं लागतं. एकदा सोडली तर ती ट्रकच्या आवाजामागे धावत गेली होती. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. पोरीचं धान्य सुरू झालं तर आपण अर्धाच दिवस खडीवर जाऊ आणि तिला तेवढीच कमी बांधू, एवढी तिची आशा होती.

आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्या कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाखला दिला होता, त्यात डोळे, कान आणि हातपाय उत्तम असल्याचं लिहिलं होतं. तो दाखला वाचून मी तरी काय करणार? मी ‘वेडा’ या रकान्यात खूण केली, मुलगी म्हणून ‘वेडा’च्या पुढे कंसात ‘डी’ घातला, खाली जबाब लिहिला आणि अर्ज भाऊसाहेबांकडे सरकवला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भाऊसाहेबांनी निब पुसलं आणि वाचायला घेतलं. नाव, गाव, वय. कोंडाबाई प्रत्येक ओळीला मान हलवत होती. ‘सदर मुलगी वेडी असून’ इथपर्यंत ते आले आणि ती म्हणाली, “न्हाई.”

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. मी मात्र कपाळाला हात लावला.

“येडी न्हाई ती,” कोंडाबाई म्हणाली. “येड्याला कळत न्हाई. हिला समदं कळतंय, पर ती आपल्याला सांगत न्हाई. तसं ल्ह्यायचं आसंल तर मला नगं तुमचं धान्य.”

मी तिला समजावलं. कागदावरचा शब्द कोण बघतंय, धान्य घे आणि मोकळी हो. तिला ते पटेना. मग मी म्हटलं, बोलत नाही ना, मग ‘मुकी’ लिहू. कोंडाबाई घुटमळली. कधीमधी बोलती, म्हणाली, पर आपलंच बोलनं आपल्याला माघारी देती. भाऊसाहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि तिला समोर बसवून घेतलं. पोरगी काय करते, काय करत नाही, कशाला भिते, काय खाते, सगळं विचारलं. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “बाई, मग तुमच्या शब्दांत सांगा, हिला काय झालंय?”

कोंडाबाईने टाचण्या लावत बसलेल्या पोरीकडे पाहिलं. “हिला कायबी झालं न्हाई, भाऊसाहेब. हिला फकस्त संगं मानूस लागतं. सदानकदा.”

“संगं माणूस लागतं,” ते स्वतःशीच म्हणाले आणि उठून कपाटाकडे गेले. सगळ्यात खालच्या कप्प्यातून त्यांनी दुष्काळी नियमांचं एक जुनं, वाळवी लागलेलं पुस्तक काढलं आणि पानांवरून बोट फिरवत बसले. माझी एसटी गेली. ती गेल्याचा आवाजही मी ऐकला. मग त्यांनी मला बोलावून एक कलम दाखवलं. घरातल्या असहाय माणसाजवळ ज्याला सतत थांबणं भाग आहे, त्यालाही मदत देता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे पोरीचं धान्य आणि आईचंही. त्याच कप्प्यात, त्याच पुस्तकावर मी रोज माझा डबा ठेवत होते, ते कधी उघडलं नव्हतं.

त्यांनी रूळ घेतला आणि माझ्या चार रकान्यांच्या शेजारी शाईने पाचवा आखला. त्यावर लिहिलं, ‘सोबत माणूस लागते’. खाली खूण केली. नवा जबाब लिहिला, वाचून दाखवला. या खेपेला कोंडाबाईने एक चूक काढली. मुलीच्या वडलांचं नाव चुकलं होतं, तेही मीच चुकवलं होतं.

पण सही मामलेदारांची लागणार होती. ते स्वभावाने वाईट नव्हते, फक्त त्यांना छापील गोष्ट आवडायची आणि हाताने आखलेला रकाना पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला आत बोलावलं. कोंडाबाईने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. मी फाइल देण्याच्या निमित्ताने आतच रेंगाळले.

“तुझं नाव काय?” साहेबांनी विचारलं.

“तुझं नाव काय?” यमुना म्हणाली. आवाज हुबेहूब साहेबांचा, तसाच थोडा नाकातला. शिपाई भिंतीकडे तोंड करून खोकला. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तसंच माघारी दिलं. मग काय झालं कोण जाणे, तिने खडीवरची सगळी हजेरी म्हणायला सुरुवात केली. मुकादमाच्या दमदाटीच्या सुरात, पन्नासेक नावं, मधेच ‘ए, गप ऱ्हा तिकडं’ हेसुद्धा. एक नाव इकडचं तिकडे झालं नाही.

“ही तर बोलते की हो,” साहेब म्हणाले.

“बोलते ना, रावसाहेब,” भाऊसाहेब म्हणाले. “म्हणून तर मुकीच्या रकान्यात घातली नाही. आणि एवढी नावं पाठ आहेत, तेव्हा वेडीच्याही नाही.” आणि त्यांनी कलमाचं पान पुढे केलं.

माझं ऐकून ‘मुकी’ लिहिलं असतं, तर तो अर्ज त्याच टेबलावर फेटाळला गेला असता. साहेबांनी कलम दोनदा वाचलं, मुलीकडे एकदा पाहिलं आणि सही केली. तेव्हा कुठे दाराशी कोंडाबाईने चौकट सोडली. पुढच्या आठवड्यात मी पाच रकान्यांची नवी स्टेन्सिल कापली. भाऊसाहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, माझी मीच कापली. त्या रकान्यात नंतर बरीच नावं आली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पुणतांब्याला नदीकाठी आपल्या घरी गेले. तिकडेच ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांची आठवण आली की मला एकच दुपार दिसते.

धान्याचं पहिलं वाटप होतं. मिलोची पिशवी मिळाल्यावर कोंडाबाई कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकली, मुलीचा हात हातात धरला आणि बसल्या जागी झोपली. मुलीला जन्म दिल्यापासून बहुधा पहिल्यांदाच ती दिवसाउजेडी झोपत असावी. तिची पकड सुटली तशी यमुना उठली. मी आतून धावले, पण भाऊसाहेब आधीच बाहेर आले होते. ते पायरीवर तिच्यापुढे बसले आणि खिशातल्या टाचण्या फरशीवर ओतल्या. ती खाली बसली. जेवणाची सुट्टी संपली, टेबलापाशी माणसं जमली, साहेबांनी दोनदा बोलावणं पाठवलं. भाऊसाहेबांनी शिपायाला हातानेच ‘हळू’ अशी खूण केली आणि जागचे हलले नाहीत. ऊन पायरीवर आलं, त्यांच्या डोक्यावर आलं, तरी नाही.

कोंडाबाई दचकून उठली ती हात चाचपडत. मुलगी समोरच होती. तिने मुलीकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि ओशाळून विचारलं, “लई येळ झाला का जी?”

“छे,” भाऊसाहेब गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, “आत्ताच तर डोळा लागला होता तुमचा.”

तेव्हा चार वाजून गेले होते. त्यांना खोटं बोलताना मी ऐकलं ते एवढंच.