मुका हॉर्न आणि दहावं कार्ड

बोर्डावर नाव माझं आहे. गाड्या मी दुरुस्त करतो, गाडीखाली मी झोपतो, कंबर माझी धरते. तरी गॅरेजमध्ये शिरणारा माणूस आधी विचारतो, "ताई आहेत का?" ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दाराजवळच्या टेबलाशी बसते आणि आलेल्या प्रत्येक गाडीचं कार्ड भरते.

टेलिफोनच्या तक्रार विभागात तिने एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, तेव्हा "चार दिवस बसते तुझ्याकडे" म्हणून आली. त्या चार दिवसांना आता सात वर्षं झाली.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. कार्डावर 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना असतो. त्यात मी आजवर एकेक शब्द लिहीत आलो होतो. ब्रेक. आवाज. धूर. ताई मात्र ग्राहक बोलेल ते जसंच्या तसं उतरवायची. 'ब्रेक दाबला की कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटतं.' 'सासूबाई मागे बसल्या की पेट्रोलचा वास येतो, एरवी येत नाही.' माझं डोकं फिरलं.

"हे कार्ड आहे की कादंबरी?"

"काय बिघडलंय ते माणसाला कळत नसतं रे छोट्या," ती म्हणाली. "पण काय होतंय ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याच्या तोंडचे शब्द काढून तू तुझे घालू नकोस."

पंचावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी ती एकटीच उरली आहे. आणि सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांच्या वजनाने गाडी मागे दबायची आणि टाकीजवळच्या पाइपची चीर उघडायची. ती चीर सापडली त्या दिवसापासून मी तिच्या कार्डांना नावं ठेवणं सोडलं.

आता बेडकीबद्दल. बेडकी म्हणजे एक छोटी गाडी. पुढचे दिवे बटबटीत वर आलेले, म्हणून आमच्यात तिला हेच नाव पडलं. कंपनीने ती बनवणं कधीच थांबवलंय, पण जुन्या बाजारात अजून हातोहात जाते. एका दुपारी ताईने टेबलावर नऊ कार्डं मांडली. नऊही बेडक्यांची.

'गेटमधून वळताना हॉर्न मुका होतो, सरळ रस्त्याला लागलं की बोलतो.' 'पार्किंगमधून निघताना एअरबॅगचा दिवा लागतो, मग आपोआप जातो. मला भास होतात असं नवरा म्हणतो.' 'वळणावर स्टिअरिंगमध्ये कागद चुरगळल्यासारखा आवाज.' नऊही कार्डांवर खाली माझं अक्षर होतं, ऐटीत: तपासले, ठीक.

"सगळे वळतानाच का रे बोलतात?" ताईने विचारलं.

स्टिअरिंगच्या आत एक चपटी पट्टी गुंडाळलेली असते. चाक फिरेल तशी ती सैल होते, घट्ट होते. हॉर्नची तार आणि एअरबॅगची तार, दोन्ही त्या पट्टीत. त्या नऊपैकी एक बेडकी नेमकी दारात उभी होती. तिचं स्टिअरिंग मी उघडलं, तर पट्टी घडीवर तडकलेली. आज हॉर्न मुका झाला एवढंच, पण उद्या धडक झाली तर एअरबॅगही उघडणार नाही.

पण नऊ नव्हे, दहा गाड्या होत्या, आणि दहावी फक्त मला माहीत होती.

दोन महिन्यांपूर्वी ताई तापाने आठवडाभर घरी होती. त्या एका आठवड्यात एक चित्रकलेचे मास्तर बेडकी घेऊन तीनदा आले. "तो एअरबॅगचा लाल दिवा डोळ्यात खुपतो हो," म्हणाले. मला काही सापडेना आणि त्यांचा चेहरा बघवेना. मी मीटर उघडलं, दिव्याचा बल्ब काढला आणि खिशात टाकला. मास्तर खूश. कार्डावर मी लिहिलं: दिवा. काम झाले. आमच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, कबूल कुणीच करत नाही.

मी मागच्या बाजूला जाऊन मास्तरांना फोन लावला. "विकली की!" ते आनंदाने म्हणाले. "एका नर्सबाईंना. घरोघरी जाऊन पेशंट बघतात. मीटरवर एकही लाल दिवा नाही, म्हणून त्यांनी लगेच घेतली."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ताई मात्र कामाला लागली होती. नऊही मालकांना फोन करून तिने गाड्या परत बोलावल्या. नऊपैकी सातजणांनी गाडी दुसऱ्याच्या हातून घेतलेली. कंपनीने उद्या पत्र पाठवलं तरी ते पहिल्या मालकाच्या घरी जाऊन पडलं असतं. कुणी शंका काढली की ताई फोनवर छातीठोकपणे सांगायची, "या टेबलावरून खोटं कार्ड कधी गेलेलं नाही." ते ऐकलं की माझ्या हातातला पाना घसरायचा. मी बोललो तर तिचा शब्द खोटा पडणार होता, आणि गप्प बसलो तर ती नर्स त्या गाडीतून तशीच फिरत राहणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केल्याबरोबर मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला सोलून काढणार. ती उठली, मास्तरांचं कार्ड काढलं, वाचलं.

"मास्तरांकडून नर्सचा नंबर घे," एवढंच म्हणाली.

नर्स तासाभरात आली. ताईने नवं कार्ड घेतलं. "काय तक्रार आहे?"

"तक्रार कसली? काहीच नाही. गाडी छान आहे. तुम्ही घाईने बोलावलंत म्हणून आले."

ताईने तेच लिहिलं: तक्रार काहीच नाही, गाडी छान आहे. मग पेन तसंच धरून माझ्याकडे वळली. "आता तू बोल."

ग्राहकासमोर! पण मी बोललो. "मागच्या आठवड्यात आईला घेऊन गेले होते हो मी या गाडीतून," नर्स म्हणाली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ताईने खाली लिहिलं: 'मेकॅनिक सांगतो, दिवा लागू नये म्हणून बल्ब मीच काढला. कारण शोधलं नाही.' मला सही करायला लावली.

मी बल्ब परत बसवला, किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि विझेना. आत पट्टी तुटलेलीच होती. नवी टाकल्यावर दिवा क्षणभर लागून विझला, जसा विझायला हवा तसा.

ताईने कंपनीला पत्र लिहिलं, सोबत कार्डांच्या प्रती. मी गयावया केली, "दहावं वगळ ना. कुठेकुठे वाचतील ते."

"वाचू देत. तेच तर महत्त्वाचं आहे."

उत्तर आलं दोन ओळींचं: जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. ताईने दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं, मग फोन धरला. एकतीस वर्षं लोकांना "थांबा हं, लाइनवर राहा" म्हणणाऱ्या बाईला कोण ताटकळत ठेवणार? शेवटी कंपनीच्या लोकांनीच हात टेकले. एक इंजिनिअर प्रत्यक्ष आला. ताईसमोर उभा राहून त्याने एकेक कार्ड वाचलं आणि दहाव्यापाशी थांबला.

"असे दिवे काढलेल्या आणखी किती गाड्या असतील?" त्याने मला विचारलं.

"आमच्या धंद्यातला कुणी सांगणार नाही," मी म्हणालो. "पण असतील बऱ्याच."

पाच महिन्यांनी कंपनीने ही पट्टी ज्या दोन वर्षांत बसवली होती, त्या वर्षांतल्या सगळ्या बेडक्या ती बदलायला परत बोलावल्या. पत्रं तर गेलीच, पण ताईच्या हट्टाने सूचना वर्तमानपत्रांत छापून आली आणि गॅरेजा-गॅरेजांत लागली, म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्यालाही कळावं. माझी बहीण, दाराजवळच्या मोडक्या खुर्चीत बसून लोकांचं नुसतं ऐकणारी, तिने हे घडवलं. मला तिचा अभिमान वाटतो. तिच्या तोंडावर म्हणालो असतो, पण ती म्हणेल, कामाला लाग.

ती सूचना तिच्या खुर्चीमागे भिंतीवर लावली आहे. शेवटी लिहिलंय: 'किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तरीही गाडी तपासून घ्या.'

ही ओळ कुठून आली, ते मी कुणाला सांगत नाही. ताई मात्र येईल त्याला खुर्चीतून वळून दाखवते. त्या ओळीवर बोट ठेवते आणि म्हणते, "ही आमच्या छोट्याची."