रोल्लातलं मृगाजिन

शारजात आम्ही रोल्ला भागातल्या एका जुन्या इमारतीत राहायचो. नव्वदीची मधली वर्षं. हे रुवैसला रिफायनरीत कामाला होते आणि गुरुवारी संध्याकाळी बसने घरी यायचे. बाकी आठवडाभर मी, माझी शाळकरी मुलगी आणि समोरच्या दारातल्या पुण्याच्या वहिनी, एवढंच माझं जग. वहिनी मनाने प्रेमळ, जिभेने फटकळ. मीही तशीच, त्यामुळे आमचं जमायचं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. माझे वडील कोल्हापूरकडे पायताणं करायचे, आजोबा कातडी कमावायचे आणि लग्न होईपर्यंत पायताणांच्या वेण्या मीही घालत होते. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. इथे आल्या आल्या ह्यांनी बजावलं होतं, आपण होऊन कुणाला सांगायचं नाही. सहा वर्षं मी ते निमूट पाळलं. त्याची मला अजून लाज वाटते.

वहिनींच्या मुलाची मुंज ठरली. दुबईच्या गुरुजींनी यादी दिली. पळसाचा दंड कुणाच्या तरी सामानातून पुण्याहून आला. अडलं ते मृगाजिनावर. मुंजीत मुलाच्या गळ्यात हरणाच्या कातड्याचा छोटा तुकडा बांधतात. तो भारतातून आणायला कायद्याने बंदी. गुरुजी म्हणाले, काळ्या कापडावर भागवू. वहिनी ऐकेनात. एकुलता एक मुलगा, सगळं यथासांग हवं.

एका दुपारी त्या नाचतच आल्या.

"मिळालं बाई एकदाचं! साठ दिरहम घेतले मेल्याने, सहाशे रुपये झाले की! पण अस्सल आहे, ठिपके बघा."

मी कातडं हातात घेतलं आणि केस फुंकरीने बाजूला केले. ठिपका वरवरचा, मुळाशी रंग वेगळाच. कुंचल्याने काढलेले ठिपके होते ते.

"वहिनी, ही शेळी आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण ह्यांचं बजावणं आठवलं. "असंच... कुठेतरी पाहिलं होतं," मी म्हणाले. वहिनी रडवेल्या होऊन परत गेल्या आणि मी दार लावून स्वतःवरच संतापले. स्वतःच्या बापाला मी 'कुठेतरी' म्हणाले होते! तिथल्या तिथे ठरवलं. खरं हरणाचं कातडं मी स्वतः कमावून देणार, आणि कुणी कमावलं ते सांगून देणार.

औद्योगिक भागात एक पेशावरी चाचा अरबांच्या शिकारी ससाण्यांसाठी चामड्याच्या टोप्या आणि मालकांसाठी हातमोजे शिवायचे. त्यांच्याकडे पाळीव हरणाची कातडी बाहेरच्या देशांतून यायची. केसांसकट, मीठ लावलेलं एक कच्चं कातडं कोपऱ्यात पडलं होतं.

"ये तो कच्ची है, बहनजी. आपके किस काम की?"

"मैं खुद पकाऊँगी."

चाचा खो खो हसले. मी कातडं उलटं केलं, मीठ कडेपर्यंत मुरलंय का ते अंगठ्याने चाचपलं, पोटाकडचा पातळ भाग दाखवून "ये फटेगा" म्हटलं. तेव्हा कुठे त्यांचं हसणं थांबलं. "यल्ला, ले जाओ," म्हणाले.

जुन्या बाजारात जडीबुटीच्या दुकानात शेंगांचं पोतं दिसलं. अरब बायका औषधाला नेतात म्हणे. बघते तर आपल्या बाभळीच्या शेंगा, आजोबा कातडं ज्यांच्या काढ्यात मुरवायचे त्याच! तिथेच हसू फुटलं. हिरडा रोल्लातच मिळाला.

बाथरूमचा टब मी ताब्यात घेतला. आजोबांची शिस्त माझ्या हाताला पाठ होती. पहिल्या दिवशी शेंगा-हिरड्याचं पाणी पातळ चहाइतकंच हवं, मग रोज थोडं कडक करत न्यायचं. घाई केली की वरचं आवळतं आणि आतलं कच्चं राहतं. आणि उकाड्याने केस सुटले की सगळं संपलं. म्हणून एसी दिवसरात्र चालू, आणि मी रोज सकाळी जीव मुठीत धरून केसांची चिमूट ओढून बघायची.

"आई, इट स्टिंक्स! माय फ्रेंड्स कान्ट कम होम!" मुलगी नाक दाबून ओरडली.

"तीन आठवडे नका येऊ म्हणावं."

गुरुवारी हे आले, बाथरूमचं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं.

"हे काय आरंभलंयस? इथे कुणाला माहीत नाही. उगाच कशाला उकरून काढतेस?"

"कुणाला माहीत नाही, म्हणून मीही विसरत चालले होते."

"उद्या लोक टाळायला लागले तर?"

"टाळू देत."

शनिवारी पहाटे मी भरलेला डबा तसाच ठेवून हे बसला निघून गेले.

केस टिकले. कडेला छोटा काप देऊन पाहिला, रंग आरपार उतरला होता. मग तेल चोळलं आणि टेबलाच्या धारेवर घासून घासून कातडं मऊ केलं. खांदे भरून आले, पण इतकं समाधान मला परदेशात आल्यापासून मिळालं नव्हतं. तळहाताएवढा तुकडा कापून मी समोरचं दार वाजवलं.

"हे खरं हरीण आहे, वहिनी. मी घरी कमावलंय. माझे वडील पायताणं करायचे."

वहिनींनी पुढे केलेला हात मागे घेतला. आत जाऊन ताटली आणली. "ह्यात ठेवा," म्हणाल्या. मी ठेवलं. फार लागलं मला ते.

मुंज शुक्रवारी, एका ओळखीच्या व्हिलात होती; हेही आले होते. गुरुजींनी तुकडा बोटांत फिरवला आणि खूश झाले. "वा! कुठून पैदा केलंत?"

"दुबईहून मागवलं," वहिनी पटकन म्हणाल्या.

मी उठून उभी राहिले. "नाही, गुरुजी. मी कमावलंय ते. आमचं घर पायताणं करणाऱ्यांचं."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा तुकड्याकडे पाहिलं. "मऊ झालंय," म्हणाले आणि तो मुलाच्या गळ्यात बांधून पुढचा मंत्र सुरू केला.

वहिनी जवळ येऊन कुजबुजल्या, "आजच हे सांगायची काही गरज होती का?"

"होती."

जेवणाची पहिली पंगत बसायला लागली. कुणी 'या' म्हणायची वाट न बघता मी मधलंच पान धरून बसले. दोन्ही बाजूंची पानं रिकामीच राहिली. आमटी वाढणारा पलीकडूनच वळला. मी मान खाली घातली नाही. तेवढ्यात पुरुषांच्या ओळीतून हे उठले, माझ्या शेजारी येऊन मांडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इकडे दोन पानं आहेत. वाढा."