दिवसा माझ्याशी बोलते

चिऊ, आदित्य,

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. मग आता का? रविवारी व्हिडिओ कॉलवर चिऊने विचारलं, "मिनूदीदी आपल्याशी बोलत का नाही?" तुमची आई म्हणाली, ती तशीच आहे. मीही मान हलवली.

तशीच आहे. पण तशीच राहायला हवी होती का?

तेव्हा मिनू तीन वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे तुमचा मामा, नोकरीपायी गडचिरोलीकडे; रेखामामी इथेच, सानगडीच्या अंगणवाडीत कामाला. दिवसभर मिनू माझ्याजवळ. ती डब्याचं झाकण फरशीवर फिरवायची, ते पडलं की पुन्हा फिरवायची. हाक मारली तर वळायची नाही. एका दुपारी मी मुद्दाम तिच्या मागे स्टीलचं ताट टाकलं. ती चटकन वळली — ताटाकडे. मी म्हटलं, मिनू. काहीच नाही. कान ठीक होते. म्हणजे दुसरंच काही होतं, आणि ते मला त्याच दुपारी कळलं. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला कसं कळणार नाही?

मिनू बोलत का नाही, याची रेखा चौकशी करत होती. कोणी जिभेला वेखंड लावायला सांगे. शेजारीण म्हणाली, "म्हातारीनं नातीले इंग्रजी शिकवली असंल, म्हणून आपली बोली बोलत नाही!" रेखा हसली. दुसऱ्या दिवशी तिने नागपूरच्या स्पीच थेरपीची वेळ घेतली.

तिकडून इंग्रजीत फॉर्म आला. मूल दिवसभर ज्याच्याजवळ असतं, त्याने भरायचा. रेखाने तो माझ्यापुढे ठेवला. "आई, तुमची इंग्रजी चांगली हाय जी. तुमीच भरा."

त्याच आठवड्यात तुमच्या आईचं स्थळ जुळत आलं होतं. मुलाच्या आईने दोनदा विचारलं होतं — घरात कोणाला काही आजार नाही ना?

मी टेबल पुसलं, पेन घेतलं. नावाला प्रतिसाद देते? होय. डोळ्यांत पाहते? होय. किती शब्द बोलते? बारा, असं लिहिलं. खाली ते बारा शब्दही लिहिले, क्रमांक घालून — आई, पाणी, दूध, माऊ. एकेक शब्द मी बसून रचला. अक्षर फार सुरेख आलं होतं.

नागपुरात मिनू रडून रडून रेखाच्या खांद्यावर झोपली. थेरपिस्ट बाईंनी फॉर्म वाचला, अक्षराचं कौतुक केलं. म्हणाल्या, घरी बोलते ना, मग घाई नको.

परतीच्या बसमध्ये रेखाने विचारलं, "दिवसा तुमच्यासंग बोलते, मंग मले पाहून काहून चुप रायते जी आई?"

मी काय म्हणाले असेन? म्हणाले — "तू दिवसभर बाहेर असतेस ना."

तिने नोकरी सोडली. मिनूसमोर बसून ती माझेच शब्द घोकायची — "पानी, बेटा. पानी मन." मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मिनू माझ्याशीही बोलत नाही, हे तिला दिसलं, तेव्हा मी म्हटलं — बोलायची गं, आता बंद झाली. लग्न पार पडलं, तरी मी गप्प. तुम्ही दोघं जन्मलात, तरी गप्प. तुमचा यात काडीचा दोष नाही.

खरे उपचार सुरू झाले तेव्हा मिनू आठ वर्षांची होती. नव्या डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस का थांबलात? रेखा खाली पाहून म्हणाली, "माहीच चूक हाय." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. फाईल माझ्याच मांडीवर होती.

आता मिनू एकोणीस वर्षांची आहे. चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारं यंत्र निघालंय, ते शिकवणारं केंद्र रेखाने शोधलंय. परवा तिकडचा फॉर्म आला. तोही तिने माझ्याकडेच दिला. या वेळी मी खरं तेच लिहीन. मागचं त्यामुळे पुसलं जाणार नाही.

रेखाला आजही वाटतं की मिनू एके काळी बोलत होती आणि आपण, तिच्या आईने, ते ऐकलं नाही. माझ्यावरचा तिचा विश्वास अजून शाबूत आहे.