काडीचं माप

काशिनाथ हिवराळे संगणकाची पेटी उघडायचे, आतल्या खाचांवर कोरा कागद पसरायचे आणि पेन्सिल आडवी धरून त्यावर हलक्या हाताने घासायचे. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो ना, अगदी तसं. दोन मिनिटांत कागदावर खाचा उमटायच्या. किती आहेत, किती लांब आहेत, मागे मोकळी जागा किती, सगळं दिसायचं. मग खाली पेटीचा नंबर आणि तारीख घालून तो कागद ते एका वहीत डकवायचे. आमच्या कॉलेजातल्या बारा संगणकांची अशी बारा पानं त्यांच्याकडे होती. बाकी कॉलेजात संगणकाच्या पोटात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यात मी स्वतःलाही धरते. मी तिथे संगणक शिकवत होते.

औरंगाबादेतलं ते एक खाजगी तंत्रनिकेतन. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. हिवराळे तिथे प्रयोगशाळा परिचर, म्हणजे सरळ भाषेत शिपाई. काटकुळे, ताठ, खिशात कायम एक पांढरा खोडरबर. कार्डाची सोनेरी कड काळवंडली की ते खोडरबराने घासून लख्ख करायचे आणि बंद पडलेला संगणक सुरू व्हायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. हिवराळे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हसू नका मॅडम. घासल्याबिगर माणसाला बी चकाकी येत नाय."

संगणकाच्या खोलीला तेव्हा देव्हाऱ्याचा मान होता. आत एसी, जाड पडदे, दसऱ्याला प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू आणि चपला बाहेर. विभागप्रमुखांनी हिवराळ्यांना दाराशी स्टूल दिलं आणि चपलांवर लक्ष ठेवायला सांगितलं. (या गृहस्थांचं नाव मी लिहिणार नाही. तेवढीही त्यांची माझ्याकडे पत नाही.) दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं, हिवराळे आत पंख्याची धूळ काढताहेत आणि दारावर रंगवलेली पाटी: "आपापल्या चपला आपण सांभाळाव्यात." महिन्याभरात प्रमुखांचे नवेकोरे बूट चोरीला गेले. ते मोज्यांवर उभे राहून ओरडत होते. हिवराळ्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "सर, ही माझ्या कामाची यादी. हापिसानंच दिलेली हाय. सतरा कामं हायेत हिच्यात. चपला कितव्या नंबरावर हायेत तेवढं बोट ठिवा." प्रमुखांना बोट ठेवता आलं नाही. ही गोष्ट ते कधीच विसरले नाहीत.

हिवराळ्यांचा कागदावर असा विश्वास का, हे मला नंतर कळलं. ते वैजापूरकडच्या एका खेड्यातले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांचं घर जळलं. बायकोला घेऊन ते शहरात आले, पडेगावला एका खोलीत राहिले, आणि पुढे नामांतराच्या प्रत्येक मोर्चात गेले. दोनदा तुरुंगातही जाऊन आले. कुणी म्हणालं की ठराव तर केव्हाच झालाय, तर ते भडकायचे. "ठरावानं काय व्हतं? त्या ठरावापायी माझं घर जळलं, अन् ठराव हाये तिथंच हाय. पाटी लागली पायजे, पाटी!" हे वाक्य ते कशालाही लावायचे. नळ दुरुस्त होणार, पगार वेळेवर होणार, असं कुणी सांगितलं की हिवराळे म्हणायचे, "ठराव झाला. पाटी बघू."

त्या वर्षी वाळूजच्या कारखान्यांना संगणकावर आराखडे काढणारी मुलं हवी होती. एका कारखान्याने कळवलं, तुम्ही रंगीत पडद्यावर शिकवा, मुलं आम्ही घेऊ. आमचे संगणक जुने, पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं. म्हणजे नवे मॉनिटर हवेत आणि प्रत्येक पेटीत नवं डिस्प्ले कार्ड. आता त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खरेदीची चर्चा सुरू झाली तशी हिवराळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, आमच्या गावाकडं बाप पोराला चप्पल घ्याया बाजारात निघाला ना, तर आधी कडब्याची काडी घ्यायचा. पोराच्या पायाला लावायची, तेवढी तोडायची अन् खिशात घालून वैजापूरला जायचं. पोरगं घरीच. दुकानदारानं किती बी गोड बोलू दे, काडी चपलीत बसली तर घ्यायची. तुम्ही लोक येवढी महागाची चीज घ्यायला बिनकाडीचे निघाले व्हय?"

"मग काय करायचं?"

"पेट्या उघडू द्या मला. बाराच्या बारा. माप काढून देतो."

बंद पडलेली पेटी उघडायची मुभा होती, पण चालू पेट्या सीलबंद होत्या. मी म्हटलं, "उघडा. मी सांगते ना." ही परवानगी मी दिली. माझं नाव जोशी, नोकरीला आठ महिने झालेले, अजून कायम व्हायची होते, आणि एवढं सांगायचा अधिकार मला आहे असं मला वाटत होतं.

ती छापांची वही मीच प्रमुखांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन पानं उलटली. "शिपायाने काढलेल्या चित्रांवरून आता खरेदी करायची का?" खोलीत आणखी दोघे होते, ते हसले. मी वही उचलून परत आले. तिथे मी भांडायला हवं होतं. भांडण मला येत नव्हतं असं नाही, घरी मी रोज भांडायची. पण ते घरी, साहेबांच्या खोलीत नाही.

प्रमुख मुंबईला गेले आणि बाजारातलं सगळ्यात नवं, सगळ्यात भारी कार्ड बारा नग घेऊन आले. त्या कार्डाला नेहमीच्या कडेच्या मागे आणखी एक शेपूट होतं. नव्या संगणकांत त्या शेपटासाठी वेगळी खाच असते, आमच्यात नव्हती. हिवराळ्यांनी वहीतलं पान उघडलं, कार्ड त्यावर ठेवलं. शेपूट चार बोटं बाहेर गेलं, आणि कागदावर नेमक्या त्या जागी चिपांचे चौकोन उमटलेले होते. "सर, हे बसत नाय. खाली चिपा हायेत. परत करा, आजून खोकी नवीच हायेत."

"बाजूला व्हा," प्रमुख म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी कार्ड दाबलं. कट् असा आवाज आला. मुख्य बोर्डालाच तडा गेला. मग एखाद्याने थांबावं की नाही? यांनी दुसरी पेटी ओढली आणि तिच्यातही दाबलं! मी तिथे होते. दोन्ही आवाज मी माझ्या कानांनी ऐकले.

चौथ्या दिवशी मेमो आला, तो हिवराळ्यांना. "हाताळणीतील निष्काळजीपणामुळे दोन संगणक निकामी." चौकशीला संस्थेचे सचिव, प्राचार्य आणि एक ज्येष्ठ प्राध्यापक. मागच्या खुर्चीवर मीही बसले होते. हिवराळ्यांनी टेबलावर वही ठेवली, तिच्यावर कार्ड ठेवलं आणि हात मागे घेतला. काही समजावून सांगायची गरजच नव्हती. लहान मुलालाही कळलं असतं. तिघांनीही वाकून पाहिलं. मला वाटलं, सुटले हिवराळे.

तेवढ्यात सचिव म्हणाले, "हे ठीक आहे. पण सीलबंद पेट्या उघडायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?"

मी उठून उभी राहिले. "मी दिली."

"बसा मॅडम," सचिव म्हणाले. तेही किती मायेने! "तुम्ही नवीन आहात. मनाने चांगल्या आहात. लोक त्याचा फायदा घेतात."

माझं वाक्य इतिवृत्तात आलंच नाही. मी कबूल करत होते आणि ते घेत नव्हते. माझ्या आडनावाला मेमो चिकटत नव्हता. हिवराळ्यांचा मेमो मात्र कायम राहिला, फक्त आतलं कारण बदललं: "परवानगीशिवाय संस्थेच्या पेट्या उघडल्याबद्दल." माप बरोबर निघालं म्हणून माप काढणाराच दोषी! त्यांना वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीवर पाठवलं आणि संगणकाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. ज्यांनी दोन बोर्ड फोडले ते पुढच्या वर्षी उपप्राचार्य झाले.

मी मोटारघरात गेले आणि म्हटलं, "हिवराळे, मी सांगितलं होतं हो त्यांना. चला, चहा तरी घेऊ."

"सांगितलं ते मी ऐकलं मॅडम. ठराव झाला," ते म्हणाले. "कागदावर द्या. चहा कागद झाल्यावर."

तो कागद लिहायला मला आठ दिवस लागले. लिहायचं एकच वाक्य होतं. पण त्या वाक्याने नोकरी जाईल, या भीतीने मी आठ दिवस घालवले आणि ते आठ दिवस मी स्वतःला माफ केलेले नाहीत. शेवटी सही करून प्राचार्यांकडे दिलं. माझं कायम होणं वर्षभर लांबलं, पण मेमो काही मागे घेतला गेला नाही, आणि चहाही राहिलाच. प्राचार्य म्हणाले, "प्रकरण दप्तरी दाखल केलंय." म्हणजे फाईल मिटली आणि डाग तसाच राहिला.

जानेवारीत नामांतर झालं. शहरात तणाव होता, अर्धी दुकानं बंद. हिवराळे पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्येक टेबलाशी गेले. कितीतरी जणांनी पेढा घेतला नाही. कुणाला अचानक मधुमेह झाला, कुणाचा उपास निघाला. मी दोन घेतले. "पाटी लागली मॅडम," ते म्हणाले. डोळे भरले होते. मग पुडा बांधता बांधता म्हणाले, "माझी तेवढी राह्यली."

मेमो मागे घ्यावा म्हणून त्यांनी अकरा अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भाषणं झाली. 'प्रामाणिक सेवक' हे शब्द त्याच उपप्राचार्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगाची लाही झाली. हिवराळे माइकपाशी आले. "नारळ नको साहेब. मेमो मागं घेतल्याचा कागद द्या, तो घेऊन जातो." शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. ते पायऱ्या उतरून गेले.

नंतर पडेगावला त्यांनी घरातच दुरुस्ती सुरू केली. लग्नाचं शूटिंग करणारे लोक जुने डेस्कटॉप घेऊन यायचे. याला कोणतं ग्राफिक्स कार्ड बसेल, हा त्यांचा प्रश्न. हिवराळे आधी त्यांनाच प्रश्न विचारायचे. खाच कोणती हाय? पेटीत लांबीला जागा किती? वीज देणाऱ्या डब्यावर किती वॅट लिहिलंय? मॉनिटरची वायर कोणती? "ठाऊक नाय? मग घरी जा, पेटी उघडा, बघून या. दुकानदार भारी कार्ड देईल, पण तुमच्या पेटीला ते पेलवंल का ते तो नाय सांगणार." शेजारीपाजारी म्हणायचे, म्हातारा गिऱ्हाईक हाकलतो. पण त्यांनी सांगितलेलं कार्ड कधी परत करावं लागलं नाही.

मेमोला सतरा वर्षं झाली तेव्हा प्राचार्यांची खुर्ची काही महिन्यांसाठी माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात मी तो मेमो रद्द केल्याचा आदेश लिहिला, सेवापुस्तकात नोंद केली आणि स्कूटरने छावणीवरून पडेगावला गेले. हिवराळे अंथरुणाला खिळले होते. छातीचं दुखणं होतं. त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी चष्मा दिला. एकेका ओळीवर बोट फिरवत त्यांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला.

"शिक्का नाय," ते म्हणाले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "अहो, माझी सही आहे ना!"

"सही तवा बी व्हती मॅडम."

मी परत फिरले. गोल शिक्का कार्यालयाच्या कपाटात, कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे, अधीक्षक अजिंठ्याला लग्नाला. दुसरी किल्ली संस्थेत, त्यासाठी अर्ज आणि सचिवांची मंजुरी. मी ऐकून घेतलं. मग कार्यशाळेतून हातोडा मागवला आणि कुलूप फोडलं. फोडताना मनात कुणाकुणाचे चेहरे आणले ते इथे सांगत नाही.

दिवस मावळायच्या आत मी पुन्हा पडेगावला पोचले. त्यांनी शिक्क्यावर अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला लागली. ती त्यांनी पुसली नाही.

"सुमन, मॅडमला चहा ठिव," ते म्हणाले.

चहा पिताना मी कुलपाची हकीकत सांगितली. त्यांनी मान वळवून विचारलं, "परवानगी घेतली व्हती?"

"नाही."

"मग मेमो येतो आता तुम्हाला," ते म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

मेमो खरोखरच आला: "परवानगीशिवाय संस्थेचे कपाट उघडल्याबद्दल." तो हातात पडला तोवर हिवराळे गेले होते. मी तो पडेगावला नेऊन सुमनबाईंना वाचून दाखवला. त्यांनी वही काढली. बारा छापांनंतर त्यांचा शिक्क्याचा कागद डकवलेला होता. त्याच्या पुढचं पान कोरं होतं. त्या पानावर आम्ही दोघींनी मिळून माझा मेमो डकवला.

पंधरा दिवसांत संस्थेच्या सचिवांचा फोन आला. सचिव नवे होते, पण माया तीच. "मॅडम, मनावर घेऊ नका. तो मेमो आपण मागे घेऊन टाकू." हिवराळ्यांच्या अकरा अर्जांना उत्तर नव्हतं, आणि मला अर्ज न करता पंधरा दिवसांत! मी म्हणाले, "घेऊ नका. तो वहीत डकवलाय, आणि डिंक चांगला आहे."