पडद्यामागचा मुलगा

बाजाराच्या मागच्या गल्लीत आईचं शिवणकामाचं दुकान होतं. बाई असून सगळे तिला मास्तरच म्हणत, आणि तीही ओ देई. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत तिने नजरेनेच त्याचं माप घेतलेलं असे. टेप लावायची ती फक्त त्याच्या समाधानासाठी. "पोट आत ओढू नका," ती म्हणे, "शर्टाला खोटं कळतं." नवरा लवकर गेला. या दुकानावरच तिने एकुलत्या एका मुलाला वाढवलं आणि शेवटी दुसऱ्या मशीनवर आणून बसवलं.

मग एका सकाळी तिच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली. हातपाय, बोलणं, सगळं शाबूत राहिलं. आठव्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली, मुलाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू कोण?"

"अगं आई, असं काय करतेस? मी!"

"चेहरा त्याचाच आहे. पण तू तो नाहीस."

तिने टेप काढली. छाती, गळा, बाही. जन्मापासून अर्धा इंच उतरलेला डावा खांदा. सगळं जुळलं. मुलाला हायसं वाटलं. टेप गुंडाळत ती कौतुकाने म्हणाली, "कुठे म्हणून चूक नाही. ज्याने कोणी तुला बनवलंय, त्याने फार मेहनत घेतलीय."



मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. "ही चेहरा ओळखणारी जागा. आणि ही आत खोलवर, बदामाएवढी. माया, भीती इथे जागी होते. दोन्ही जागा ठीक आहेत, मधला रस्ता तुटलाय. तुम्ही त्यांना दिसता, पण दिसल्यावर आतून जे हलायला हवं ते हलत नाही. मग मेंदू ठरवतो, हा तोतया. गोळ्या मात्र चुकवू नका. दुसरा झटका आला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पण तोतयाच्या हातची गोळी ती कशी घेणार? तीन दिवस तिने गोळ्या थुंकून टाकल्या.

चौथ्या दिवशी दुपारी तो ट्रायल रूमच्या पडद्यामागे हँगर लावत होता. सवयीने ओरडला, "आई, चहा टाकू का?"

"अरे, होतास कुठे तू?" बाहेरून तोच जुना, भरून आलेला आवाज. "जीव टांगणीला लागला होता माझा!"

त्याने झटकन पडदा सारला. दार लावून घ्यावं तसा तिचा चेहरा बंद झाला. "तू कशाला मध्ये कडमडतोस? आत्ता माझा मुलगा बोलत होता."

"आवाजाचा रस्ता वेगळा असतो," हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो शाबूत आहे, जपा. समोर उभं राहून बोलत राहिलात, तर एक दिवस आवाजही खोटा वाटायला लागेल."

तेव्हापासून तो आईसमोर मुका झाला. ट्रायल रूमला मागून घरात जायचं दार होतं, म्हणून सोंग निभावलं. पडद्यामागून मुलगा सांगे, "त्या माणसाच्या हातून गोळ्या घेत जा, मीच ठेवलाय त्याला." मग वळसा घालून तो समोर येई आणि निमूट पाण्याचा पेला धरी. ती घेई. "मुक्या, तू वाईट नाहीस," ती म्हणे, "पण त्याच्या मशीनवर बसायचं नाही, सांगून ठेवते." तो जमिनीवर बसून बटणं लावी.

महिन्याभरात तिने मुलासाठी एक शर्ट शिवला.

"कधी नेतोस?" तिने पडद्याला विचारलं.

"येईन."

"नुसतं येईन, येईन! त्या मुक्याला देऊन टाकू का? माप तुझंच आहे त्याचं."

त्याने हातातला हँगर दांडीवर अडकवला. मग म्हणाला, "दे."

मागच्या दाराने तो समोर आला. तिने शर्ट त्याच्या अंगावर चढवला आणि खालून एकेक बटण लावत वर आली. इतक्या दिवसांत ती इतकी जवळ आली नव्हती. त्याने डोळे मिटले. आता हाक मारावी, होईल ते होवो, असं अगदी ओठांवर आलं.

गळ्याच्या बटणाशी तिची बोटं थांबली. शर्ट कुठे तसूभरही ओढत नव्हता. तिने पडद्याकडे एक नजर टाकली, आणि तिकडे ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"आवाज येतो, तो येत नाही. खरं सांग. कुठे ठेवलंयस माझ्या मुलाला?"