यंत्रमाग आणि दादाचा अल्सर

दादा कबनूरला यंत्रमागावर दिवसभर उभा असायचा. गुडघे दुखायचे म्हणून रोज उपाशीपोटी चहाबरोबर दुखण्याची गोळी घ्यायचा. त्याला डांबरासारखं काळं शौचाला होऊ लागलं, तेव्हा आईनं उष्णता समजून सब्जाचं पाणी सुरू केलं. गोळी चालूच राहिली.

एके दिवशी रक्ताची उलटी होऊन तो मागाजवळच कोसळला. राजारामपुरीतल्या दवाखान्यात त्याला रक्त चढवलं आणि तोंडातून दुर्बीण घातली. पडद्यावर जठरातली जखम दिसली. तिच्यातून रक्त उसळत होतं. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन बारीक क्लिप बसवली. रक्त थांबलं.

"हे गोळ्यांनी झालंय. पुन्हा घेतल्यात तर पुन्हा रक्त जाईल," डॉक्टर म्हणाले. "बसून करायचं काम बघा."

"बसून माग चालतोय व्हय, डॉक्टर?" दादा म्हणाला.

गुडघे गेलेल्या माणसाला मालक मागावर ठेवत नाही. म्हणून बरा होऊन कामावर गेल्यावर दादानं मालकाला सांगितलं, तांबडा रस्सा बाधला.

"बेतानं वढावा की लेका रस्सा!" मालक हसला. आजूबाजूचे कामगारही हसले. दादाही हसला आणि मागासमोर जाऊन उभा राहिला.